चूक आहे हे कळत असूनही माणूस ती का करतो?

तुमचा प्रश्न असा की वाईट आहे हे माहीत असूनही माणूस वाईट का वागतो, की मुळात मुद्दाम वाईट कुणी वागतच नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही जवळपास हेच विचारतो, इच्छा नसताना कुणीतरी जबरदस्तीने ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो, आणि कृष्ण काम-क्रोधाकडे बोट दाखवतो. सॉक्रेटिसचं म्हणणं अज्ञान, बाकी काही नाही. हे मला कधीच पटलं नाही, कारण कळतं पण वळत नाही हा अनुभव सगळ्यांनाच आहे. अ‍ॅरिस्टॉटलने निदान त्याची दखल घेतली: इच्छेच्या भरात माणसाला कळत असतं, पण दारू प्यायलेला कविता म्हणतो ना तसं, शब्द तोंडात असतात, अर्थ पोचलेला नसतो.

पण ऑगस्टिन या ख्रिस्ती संताची गोष्ट या दोन्हीत बसत नाही. १६ वर्षांचा असताना त्याने मित्रांबरोबर शेजारच्या झाडाचे पेअर चोरले. भूक नव्हती, याहून चांगले पेअर त्याच्याकडे होते, चोरलेले बहुतेक डुकरांपुढे टाकले. मग कशासाठी? ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या दुसऱ्या भागात तो यावर पानंच्या पानं स्वतःला खोदत बसतो, मनाई आहे यातच मजा होती असं म्हणतो, आणि पुढे म्हणतो की एकटा असतो तर केलंच नसतं. लोक पहिलंच वाक्य लक्षात ठेवतात, माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, सोबत्यांसमोर मागे हटायची लाज हा फार मोठा हेतू आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

तरी मला सगळ्यात जवळचं वाटतं ते जर्मन तत्त्वज्ञ कांटचं. १७९३ च्या धर्मावरच्या पुस्तकात तो म्हणतो की वाईटासाठी वाईट माणूस करत नाही, तो फक्त क्रम उलटा लावतो, आधी स्वतःचं हित आणि ते सांभाळून जमलं तर नीती. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय लाटणारा घ्या. खोटं बोलणं चूक हे त्याला मान्यच असतं, त्याच्याशी कुणी खोटं बोललं तर तो चिडेलही, फक्त यावेळी माझ्यापुरती सूट. आणि त्याला हवं असतं ते काय, मान, पैसा, घरच्यांची काळजी मिटणं, यात वाईट काहीच नाही! म्हणून त्याला काय हवं होतं यापेक्षा त्यासाठी त्याने काय बाजूला सारलं हे विचारा, हेतू तिथे सापडतो.

एका ठिकाणी मात्र कांट मला अपुरा वाटतो, ते म्हणजे क्रौर्य. सूड घेणाऱ्याला निदान आपण न्याय करतोय असं वाटत असतं, पण समोरच्याला अपमान झालेला कळलाच पाहिजे, तो तळमळताना दिसलाच पाहिजे, असं ज्याला वाटतं त्याने नुसता क्रम उलटा लावलाय असं मला म्हणवत नाही, तिथे दुसऱ्याचं दुःख हेच त्याला हवं असतं.