यकृताचा कर्करोग रक्तातल्या प्रतिपिंडांवरून कळतो का?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. हिपॅटायटिस बी मुळे सिरॉसिस (चट्टे पडून यकृत कडक होणे) झाला आहे. एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन, यकृताच्या गाठीसाठीची रक्ततपासणी) ७ आली. प्रतिपिंडांची (अँटीबॉडीजची) नवी तपासणी केली तर सोनोग्राफी टाळता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, सोनोग्राफी टाळू नका. गाठीतल्या पेशी पी-५३ सारखी प्रथिने बिघडलेल्या रूपात किंवा जास्त प्रमाणात बनवतात. शरीर त्यांना परके समजून प्रतिपिंडे तयार करते, तीच या तपासणीत शोधतात. अडचण अशी, की एकच प्रतिपिंड पाहिले तर बहुतेक रुग्णांत ते सापडतच नाही. म्हणून अनेकांचा संच एकत्र तपासतात. तरीही ‘निगेटिव्ह’ म्हणजे कर्करोग नाही, असे मुळीच नाही. शिवाय काही प्रतिपिंडे नुसत्या सिरॉसिसमध्येही दिसतात. हिपॅटायटिसची प्रतिपिंडे वेगळी. ती विषाणूबद्दल सांगतात, गाठीबद्दल नाही.

एएफपी हे प्रतिपिंड नव्हे, प्रथिन आहे. लहान गाठ असूनही ते नॉर्मल राहू शकते, म्हणून ७ या आकड्यावर निर्धास्त होऊ नका. उलट यकृताला सूज असली तर कर्करोग नसतानाही वाढते.

दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, दोन्ही करा. सोनोग्राफीला ६ तास उपाशीपोटी जा, जुने रिपोर्ट सोबत न्या. १ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ दिसली तर साधारण ३ महिन्यांनी पुन्हा पाहतात. त्याहून मोठी असेल किंवा एएफपी २० च्या वर जाऊन वाढत असेल, तर कॉन्ट्रास्ट देऊन ट्रायफेजिक (तीन टप्प्यांत चित्रे घेणारे) सीटी किंवा एमआरआय लागते. विषाणूविरोधी गोळ्या मात्र स्वतःहून कधीच बंद करू नका.