डोंगर उभा राहतो, डोंगर उरतो

प्रश्न : सह्याद्री ज्वालामुखीपासून बनला, असे शाळेत शिकलो. मग कळसूबाईचे शिखर म्हणजे जुन्या ज्वालामुखीचे तोंड आहे का?

उत्तर : नाही. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जो लाव्हा आला तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून आला. पातळ असल्यामुळे तो दूरवर पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा थर साचला. त्या थरांनी झाकलेला सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश आजही शिल्लक आहे. म्हणजे आधी तयार झाले ते पठार. पुढे त्याची पश्चिमेकडची कड उचलली गेली आणि पावसाने व नद्यांनी ती कोरत नेली. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे त्या कोरण्यातून उरलेले शिखर आहे.

याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. माळशेज घाटात थांबून समोरच्या डोंगराचे आडवे पट्टे न्याहाळावेत : घट्ट थराचा उभा कडा, त्याखाली ठिसूळ थराचा गवताळ उतार, पुन्हा कडा. कातळाजवळ गेल्यास वाटाण्याएवढी भोके दिसतात. ते लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे होत, आणि त्यांपैकी कित्येकांत नंतर पाझरलेल्या पाण्यातील खनिजांचे पांढरे स्फटिक भरलेले असतात. कोठे कोठे दोन काळ्या थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा आढळतो. एका उद्रेकानंतर दुसरा होईपर्यंत खडक झिजून माती होण्याइतका काळ गेला होता, हे त्यावरून कळते.

प्रश्न : आमच्या देवघरातील शाळिग्रामावर चक्र आहे. ते समुद्रातील प्राण्याचे आहे म्हणतात. हिमालयात समुद्र कोठून आला?

उत्तर : समुद्र हिमालयाच्या आधीचा आहे. नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रात मिळणारे शाळिग्राम हे अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्यांचे जीवाश्म आहेत आणि ते चक्र म्हणजे त्यांच्या वेटोळ्या शंखाची खूण. भारत उत्तरेकडे सरकत असताना भारत व आशिया यांमधील टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली गेला, आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंड भिडल्यावर किनाऱ्याजवळचा गाळ घड्या पडून वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरही सागरी जीवाश्म असलेला चुनखडक आहे. पूजेतल्या त्या दगडात एक अख्खा समुद्र जपला गेला आहे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

प्रश्न : मग हिमालयात ज्वालामुखी का नाहीत?

उत्तर : समुद्रतळ खोल जातो तेव्हा त्यातील पाण्यामुळे वरचा खडक वितळून शिलारस तयार होतो, दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतामधील ज्वालामुखी असेच आहेत. टेथिस बुडत होता तोवर येथेही तसेच घडत होते आणि लडाखचा ग्रॅनाइट, म्हणजे जमिनीखालीच थिजलेला शिलारस, ही त्याची खूण आहे. भूखंडाचा खडक मात्र जाड व हलका असल्याने तसा खोल बुडत नाही. तो दुमडतो, एकावर एक चढतो. भारत अजूनही वर्षाला सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर सरकत आहे, आणि तेथील भूकंप त्याच रेट्याचे आहेत.

प्रश्न : वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडे पाहता सह्याद्रीत पुन्हा लाव्हा येईल का?

उत्तर : तशी चिन्हे नाहीत. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तेथे तापते आणि वर येते, एवढेच त्या कुंडांचे कारण. दख्खनच्या लाव्ह्याचा उष्ण स्रोत, बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते, भारत सरकत गेल्यामुळे मागे राहिला. तो आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली असून तेथील ज्वालामुखी जागृत आहे.