‘आधी नीट खात्री करून घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी

मुलांचा छळ आणि हेळसांड या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेते आहे. उरलेल्यांत हेच प्रश्न आहेत. एक विनंती: पत्रासोबत मुलाचं नाव, शाळा, फोटो पाठवू नका. पीडित मुलाची ओळख पटेल असं काही छापणं पोक्सो कायद्यानं (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा) गुन्हा आहे, आणि तसले फोटो मला माझ्या फोनमध्येही नकोत.

तीन महिन्यांच्या नातीच्या कमरेखाली निळसर डाग आहेत. कामवाली बाई चिमटे काढत असेल का? (सुदामा नगर, इंदूर)

जन्मखूण असावी. आपल्याकडे पुष्कळ बाळांना असते, काही वर्षांत फिकी होते. मुका मार दिसामाशी रंग बदलत जातो, ही खूण तशीच राहते. एकदा डॉक्टरांना दाखवा, फाइलवर नोंद करून घ्या, तोवर बाईंवर आळ घेऊ नका. डाग कानावर, मानेवर किंवा गालावर असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ज्या बाळाला अजून कुशीवरही वळता येत नाही, त्याच्या अंगावर उगाच वळ उठत नाहीत.

शाळेत सर छडी मारतात. आम्हीही मार खाऊनच मोठे झालो ना?

झालात. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं ते बंद केलंय. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या.

सोसायटीत एक जण मुलांचं लोकेशन दाखवणारं घड्याळ विकतोय. ‘छळापासून शंभर टक्के संरक्षण’ म्हणतो. घ्यावं का?

घड्याळ मूल कुठे आहे ते सांगेल, कोणासोबत आहे ते नाही. शंभर टक्केवाल्याला जिन्यावरूनच परत पाठवा.

बाळाचं पोट फुगतं. सासूबाई म्हणतात बिब्ब्याचा डाग द्या.

नको. बिब्ब्यानं कातडी भाजते, पोट बरं होत नाही. आपल्याच राज्यात, शहडोल जिल्ह्यात, 2023 साली न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बाळाला तापल्या सळईनं डागलं आणि ते दगावलं. डागणाऱ्यांना बाळ बरंच व्हायला हवं होतं. डॉक्टरांकडे न्या, आणि सासूबाईंनाही बरोबर न्या.

नऊ वर्षांची पुतणी म्हणते, ‘शिकवणीला जाणार नाही, ते काका जवळ ओढून बसवतात.’ घरात सगळ्यांनी विचारून पाहिलं, दर वेळी थोडं वेगळं सांगते. ते गृहस्थ नात्यातले. वडीलधारे म्हणतात, आधी नीट खात्री करू. गणपती होईपर्यंत थांबावं का?

नाही. एक दिवसही नाही. पत्रावर नंबर होता म्हणून हे छापण्याआधीच तुम्हाला फोन केला. इथलं उत्तर तुमच्यासारख्या थांबून राहिलेल्या इतरांसाठी.

‘सगळ्यांनी विचारून पाहिलं’ हे वाक्य मला पाठ झालंय. आजी देवघरात बसवून विचारते, चुलते दिवाणखान्यात, मग पुण्याच्या आत्याला फोन लावून तो मुलीच्या कानाला देतात. पाचव्यांदा मूल चाचरतं, किंवा ‘काही नाही झालं’ म्हणून सुटका करून घेतं. मग घर म्हणतं, बघा, गोष्ट बदलते! गोष्ट तुम्ही बदलायला लावलीत. मुलानं सांगितलं की एकानंच ऐकायचं, ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ म्हणायचं, त्याच्याच शब्दांत लिहून तारीख घालायची, आणि थांबायचं.

खात्री करणं तुमचं कामच नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 म्हणतं, गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवा. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; सद्भावनेनं कळवणाऱ्याला संरक्षण आहे. हे बंधन माझ्यावरही आहे. तुम्ही कळवलं नाहीत तर मी कळवेन, हे फोनवर सांगितलंच.

‘नात्यातले आहेत’ म्हणून शंका कमी कशी होते? नोंद झालेल्या पोक्सो प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतलेच निघतात. आणि पोलीस ठाण्याची जी भीती घातली जाते, तीही ऐकीव. मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टरनं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तपासणी महिला डॉक्टर करते, आई किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असतं. तातडीच्या उपचारासाठी ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणायची कुठल्याही हॉस्पिटलला मुभा नाही. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. समुपदेशकाकडे मुलीसोबत आईवडिलांनीही जावं.

पुतण्या असता तरी हेच उत्तर. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलगे होते.

समोरच्या फ्लॅटमधला सहा वर्षांचा मुलगा दिवसभर कुलपात असतो. जाळीतून पोळी मागतो. दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा?

पोळी दिलीत ना? मग खुपसलंच आहे. हेळसांडीमागे बहुतेकदा दुष्टपणा नसतो. दोघं कामावर, मागे कोणी नाही, पाळणाघर परवडत नाही. म्हणून दरडावू नका. आज संध्याकाळी आईला चहाला बोलवा, शाळेत नाव घातलंय का विचारा, दुपारी मूल तुमच्याकडे राहील का तेही विचारा. वजन घटलेलं दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला लावा. उद्याही कुलूप दिसलं तर 1098. आत गॅस आहे, मूल एकटं आहे. दुसरी किल्ली कोणाकडे असते, तेवढं मात्र आजच विचारून ठेवा.