उन्हात फ्लॅशचा फरक पडत नाही आणि संध्याकाळी फोटो खोटा दिसतो, चुकतंय कुठे?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. भर उन्हात फ्लॅश मारला तरी चेहरा काळाच राहतो. शटरचा वेग वाढवला की फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते. आणि संध्याकाळी तोच फ्लॅश चेहरा पांढराफटक करतो आणि मागचं आकाश घालवतो. शिवाय सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर चढवायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी) घ्यावा की एलईडी पॅनल (सतत पेटत राहणारा चपटा दिवा), हेही विचारलंय.

आधी एक गोष्ट पक्की करा. फ्लॅशची चमक शटर उघडं असण्याच्या वेळेपेक्षा बरीच आखूड असते. त्यामुळे शटर १/५० सेकंद ठेवा किंवा १/२००, फ्लॅशचा उजेड तेवढाच नोंदला जातो. कमीजास्त होतो तो आजूबाजूचा उजेड. ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफ/ पुढचा आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) मात्र दोन्ही उजेडांवर चालतात. म्हणून क्रम असा ठेवा: फ्लॅश बंद करून आधी पार्श्वभूमी जमवायची, मग त्या सेटिंगला हात न लावता फ्लॅशची पॉवर आणि अंतर बदलून चेहरा जमवायचा. दोन्ही एकदम जुळवायला गेलात की गोंधळ ठरलेला.

माणसाला सूर्याकडे पाठ करून उभं करा. डोळे मिचकावणं थांबतं, केसांवर आणि खांद्यावर उजेडाची कड फुकट मिळते. आता आयएसओ १००, शटर १/२००. स्वच्छ उन्हात या सेटिंगला एफ/११ च्या आसपास बरोबर एक्सपोजर येतं. फ्लॅश न लावता एक फोटो काढा. आकाशाला रंग दिसला पाहिजे. चेहरा काळपट आला तर येऊ दे.

आता फ्लॅश. समजा तुमच्या स्पीडलाइटचा (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशचा) गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, ३५ मिमी झूमला ३६ मीटर आहे. त्याला एफ-आकड्याने भागलं की फ्लॅश किती लांब पोचतो ते कळतं. ३६ ला ११ ने भागा: उघडा फ्लॅश पूर्ण पॉवरवर साधारण सव्वातीन मीटरपर्यंत पुरतो. सॉफ्टबॉक्सचं कापड दोनेक स्टॉप उजेड खातं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे उजेड पाव उरतो आणि अंतर निम्मं होऊन १.६ मीटरवर येतं. तुम्ही सॉफ्टबॉक्स अडीच-तीन मीटरवर उभा करत असाल तर उन्हात फरक न दिसणं साहजिक आहे. फ्रेमच्या कडेला टेकेल इतका, म्हणजे चेहऱ्यापासून मीटरभर, जवळ आणा. १/२ पॉवरच्या आसपास काम होतं. जवळ आणल्याने उजेड मऊही होतो. लांब नेलेला ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स जवळजवळ उघड्या फ्लॅशसारखाच कडक पडतो. फक्त एवढ्या जवळून माणूस १ मीटरवरून १.४ मीटरवर सरकला तरी पूर्ण एक स्टॉप जातो, तेव्हा पायाशी खूण करून ठेवा.

काळी पट्टी ही शटरच्या पडद्याची सावली असते. फोकल प्लेन शटरमध्ये (सेन्सरपुढून सरकणाऱ्या पडद्यांच्या शटरमध्ये) सिंक स्पीडच्या, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटरच्या वर, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या वर, पूर्ण सेन्सर एकाच क्षणी उघडा नसतो. चमक होते तेव्हा पडदा मध्ये आलेला असतो. फ्लॅशला दुरून पेटवणारे साधे रेडिओ ट्रिगर किंचित उशीर करतात, म्हणून काही वेळा १/२०० लाही बारीक पट्टी दिसते. मग १/१६० वर या.

पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/४, एफ/२.८ कडे जायचं असेल तर दोन वाटा आहेत: हाय स्पीड सिंक किंवा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी करडी काच). हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एका मोठ्या चमकेऐवजी बारीक चमकांची रांग सोडतो. पट्टी जाते, पण शटर उघडण्याआधीपासून बंद होईपर्यंत चमकत राहावं लागत असल्याने बराचसा उजेड पडद्यावरच वाया जातो. स्पीडलाइट तापतो, बॅटऱ्या भराभर उतरतात. एनडी८ तीन स्टॉप कापतो, म्हणजे १/२०० तसंच ठेवून एफ/११ चं एफ/४ करता येतं. मात्र एनडी लावला म्हणून फ्लॅशची पॉवर वाचते हा समज चुकीचा आहे. एफ/११ ला जेवढी लागत होती तेवढीच लागते. एकच छोटा फ्लॅश असेल तर मी दोन्हींच्या आधी तिसरा मार्ग सांगेन: माणसाला झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत घ्या आणि पार्श्वभूमीही उन्हातली नको. तीन-चार स्टॉप तिथेच सुटतात.

दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर आणि बाजूला सुमारे ४५ अंशांवर ठेवा. नाकाची सावली बघत राहा. ती खाली तिरकी पडावी, ओठांना शिवू नये. नाकाला दोन्हीकडे सावल्या दिसल्या तर सूर्य आणि फ्लॅश एकमेकांना छेदतायत. माणसाला थोडं फिरवा. चष्मा असेल तर काचेत चमक येऊ नये म्हणून दिवा आणखी वर न्या आणि काड्या कानावर किंचित उचलायला सांगा.

संध्याकाळी खरी गंमत शटरची. फ्लॅश एकदा जमला की त्याला विसरा. आकाश अंधारत जाईल तसं १/२०० वरून १/१००, मग १/६० असं शटर उतरवा. चेहरा होता तसाच राहतो, आकाश परत उजळतं. तुमचं आकाश काळं पडतं कारण शटर तुम्ही दुपारच्याच आकड्यावर सोडता. १/६० च्या खाली हललेल्या केसांभोवती भुतासारखी कड दिसू लागते, तिथे आयएसओ एक स्टॉप वाढवून फ्लॅश एक स्टॉप कमी करा. टीटीएल (कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेली फ्लॅशची पॉवर) इथे दगा देतं: पांढरा शर्ट आला की कमी, काळा आला की जास्त. मॅन्युअलच बरं.

"खोटा दिसतो" यामागे बऱ्याचदा रंग असतो. फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा), मावळतं ऊन त्याहून बरंच पिवळं. चेहरा निळसर, कडा सोनेरी, असं विजोड दिसतं. फ्लॅशच्या तोंडावर अर्धा सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक रंगीत कागद) चिकटवा. थोडी पॉवर वाढवावी लागेल.

वाऱ्यात अंब्रेला (फ्लॅशचा उजेड पसरवणारी छत्री) म्हणजे शीडच. बाहेर मी सॉफ्टबॉक्स घेईन, तोही शक्यतो कोणीतरी हातात धरलेला. स्टँडच वापरायचा तर एक पाय दिव्याचा भार झुकतो त्या दिशेला ठेवा आणि वाळूची पिशवी लटकवा, पण जमिनीला टेकलेली. लोंबकळती पिशवी झुलते आणि स्टँड हलवते.

एलईडी पॅनल दुपारसाठी घेऊ नका. हातात मावणाऱ्या पॅनलचा उजेड उन्हात दिसतही नाही. सूर्य बुडाल्यानंतरच्या अर्ध्या तासात मात्र तो छान चालतो, कारण उजेड कसा पडतोय ते क्लिक करण्याआधीच दिसतं.