कोल्हापूरच्या आसपास डायनासोरच्या जीवाश्मांचं संग्रहालय आहे का? मुलगा आठ वर्षांचा आहे, पन्हाळ्यावर हाडं सापडतील का म्हणून रोज विचारतो.

नाही, आणि पन्हाळ्यावर हाडंही सापडायची नाहीत. माझ्या भाच्यानं याच नादात जोतिबाच्या डोंगरावरून पिशवीभर दगड आणले होते. ताईनं ते तुळशीभोवती लावून टाकले. न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ दाखवून भागवायचा प्रयत्नही केला. भागत नाही.

आपल्या पायाखाली सगळा काळा बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून तो झाला. उकळत्या रसात हाड कुठलं राहतंय? त्याला नदी-तळ्याचा गाळ लागतो. तसे जुने गाळाचे खडक जबलपूर, विदर्भ आणि गुजरातेत उघडे पडलेत.

तेव्हा सरळ गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला जा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं भूवैज्ञानिकांना हाडं आणि अंडी मिळाली, आणि २०१९ मध्ये गावातच संग्रहालय झालं. तिथला हिरो राजासॉरस नर्मदेन्सिस: मांसाहारी, डोक्यावर बुटकं शिंग, २००३ मध्ये बारसं झालेला. आतले मोठे पुतळे प्रतिकृती आहेत, हे पोराला आधीच सांगा, नाहीतर हिरमुसतं. खरा माल बाहेर, कुंपणातल्या खडकात. आमच्या वाटाड्यानं बाटलीतलं पाणी खडकावर ओतलं आणि करड्या दगडात अंड्याची गोल कड उमटली. भाचा पालथा पडून बोटानं ती कड गिरवत बसला, उठेचना. गावातली एक बाई असंच अंडं मसाला वाटायला वापरत होती, ही तिथली प्रसिद्ध गोष्ट. घरी आल्यावर त्यानं आजीचा बत्ता धुऊन तपासला.

कोल्हापूरहून अहमदाबादला आठवड्यातून एक थेट गाडी असते, पुढं रस्त्यानं दोनेक तास. थंडीतच जा, त्या माळावर सावली नाही.

महाराष्ट्रातलंच हवं असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा. तिथल्या डायनासोरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण मिळाले आणि त्या काळी गवत होतं हे २००५ मध्ये जगाला कळलं. पण तिथं बघायला शेतं आणि दगडच. आठ वर्षांच्या पोराला मात्र शेणाची ही गोष्ट शिंगापेक्षा जास्त आवडते, एवढं खात्रीनं सांगतो.