मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आलोय. केमिस्ट्रीतला मोल डोक्यात शिरत नाही. काय काय पाठ करू आणि कुठलं पुस्तक घेऊ?

एरवी मी इथे नुसता वाचतो, पण 'पाठ करू' वाचलं आणि राहवलं नाही. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय.

मीही मराठी माध्यमाचाच. परळच्या शाळेतून दहावी झालो आणि १९९३ला अकरावी सायन्सला गेलो. क्लास दादरला. पहिल्याच चाचणीत विचारलं होतं, ४ ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल? समीकरण तोंडपाठ होतं: दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी. दोनाला एक, तर चाराला दोन. ठोकून दिलं, २ ग्रॅम. सरांनी माझा पेपर सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "मराठी मीडियम का रे?" वर्ग हसला. मग म्हणाले, "समजत नसेल तर पाठ कर. उत्तर ३२."

आमच्या अण्णांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही. तेव्हापासून ते नागदेवी स्ट्रीटला नट-बोल्टच्या दुकानात कामाला होते. दिवाळीच्या सुट्टीत डबा घेऊन गेलो होतो, तेव्हा एक गिऱ्हाईक आलं. हजार बोल्ट, हजार नट आणि प्रत्येक बोल्टाला दोन वॉशर. आता हजार नग मोजत कोण बसतं? अण्णांनी दहा बोल्ट काट्यावर टाकले, २०० ग्रॅम. दहा नट, ५० ग्रॅम. दहा वॉशर, २० ग्रॅम. आणि सरळ २० किलो बोल्ट, ५ किलो नट, ४ किलो वॉशर तोलून दिले. मी शहाण्यासारखं म्हटलं, "अण्णा, बोल्ट वीस किलो आणि नट पाचच?" ते म्हणाले, "किलोला किलो देऊ? उरलेल्या पंधरा किलो नटांची काय माळ करून घालेल तो गळ्यात?"

परतीच्या लोकलमध्ये, मशीद ते परळ, लख्ख कळलं. समीकरणातले आकडे म्हणजे नग. काटा दाखवतो ते वजन. मी नगांना वजन समजलो होतो. हायड्रोजनचा रेणू वजनाने २ चा, ऑक्सिजनचा ३२ चा. म्हणून एक मोल, म्हणजे रेणूंचा एक ठरलेला गठ्ठा, हायड्रोजनचा २ ग्रॅम भरतो, ऑक्सिजनचा ३२ ग्रॅम. ४ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे २ मोल, त्याला ऑक्सिजन लागतो १ मोल, म्हणजे ३२ ग्रॅम. पाणी होतं ३६ ग्रॅम, दोन्ही बाजू जुळल्या. मोल म्हणजे एवढंच: तोलून नग मोजायची सोय. अणू फार बारीक, म्हणून आपला गठ्ठा मोठा, ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात. अ‍ॅव्होगाड्रोचं नाव ऐकून घाबरू नकोस, त्याने स्वतः हा आकडा कधी काढलाच नाही. १८११ला तो एवढंच म्हणाला, की तापमान आणि दाब सारखे असतील तर वायूंच्या समान आकारमानात रेणूही समान.

आता माध्यमाचं. मराठीमुळे काही अडत नाही, उलट मराठी शब्द अर्थ सांगतात. संयुजा म्हटलं की जोडणं ऐकू येतं, व्हॅलन्सीतून तुला काय ऐकू येतं? ऊष्मादायी म्हणजे उष्णता देणारी अभिक्रिया, ऊष्माग्राही म्हणजे घेणारी. इंग्रजी माध्यमाची माझी हुशार मित्रमंडळी एक्झो-एंडोत बारावीपर्यंत गोंधळत होती. हे सरांना तेव्हाच सुनवायला हवं होतं.

पुस्तकाचं म्हणशील, तर जाडजूड गाईड आत्ता घेऊ नकोस. नववीचं बालभारतीचं विज्ञान काढ, त्यातला 'द्रव्याचे मोजमाप' धडा परत कर, गणितं हाताने सोडव. भाचीला मी तेच सांगितलं होतं.

हां, पाठांतर अगदीच नको असं नाही. पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या संज्ञा, संयुजा आणि अणुवस्तुमानं पाठच हवीत. आणि नट-बोल्ट वायूंपाशी अपुरे पडतात. तिथे आकारमान येतं: ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला एक मोल वायू २२.४ लिटर, दाब १ बार धरला तर २२.७. दाब कुठला दिलाय ते आधी बघ. नीट-जेईई करणार असशील तर वेगासाठी वेगळा सराव लागेल, त्यातलं मला विचारू नकोस.

वहीत डावीकडे मराठी शब्द लिही, उजवीकडे इंग्रजी. महिनाभरात सवय होते. माझी झाली, फक्त तोवर मी तो क्लास सोडला होता.