टेलच्या शेतकऱ्यांचे प्रश्न: पाणीपाळी, नमुना सात आणि रब्बीची पेरणी

राम राम शेतकरी बंधू-भगिनींनो. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या पाथरी, मानवत, परभणी भागातून आलेले बहुतेक प्रश्न यंदा पाण्याचेच आहेत. आधीच सांगतो, कालव्याला पाणी सोडणं कृषी खात्याच्या हातात नाही, ते जलसंपदा खात्याचं काम. पण कोणत्या दारात कोणता कागद घेऊन जायचं आणि मिळेल त्या पाण्यात काय पेरायचं, हे सांगता येईल.

प्रश्न: धरण भरलंय म्हणतात, तरी आमच्या चारीच्या (कालव्यातून निघणाऱ्या पाटाच्या) टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी येत नाही. वरचे लोक रात्री गेट उघडतात, डोंगळे (पाणी ओढायचे चोरपाइप) टाकतात. आम्ही काय करायचं?

दादा, डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे. वाटेत पाझर, गवत, फुटलेलं अस्तर, त्यात डोंगळे. टेलला पाणी कमी येणार हे या रचनेतच आहे, म्हणूनच वाटपाचे नियम टेलच्या बाजूने केलेले आहेत. पाण्याची पाळी टेलकडून हेडकडे, म्हणजे सुरुवातीच्या टोकाकडे, भिजवत आणायची, हा त्यातला पहिला. तो पाळला जात नाही, कारण तो मागायला कुणी कागद घेऊन जात नाही.

तुमच्या चारीवर किती जणांनी नमुना नंबर सात, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, भरला, ते आधी बघा. रब्बीचा हंगाम 15 ऑक्टोबर ते 28 फेब्रुवारी धरतात, आणि पाण्याची मागणी या सातच्या अर्जावर ठरते. अर्ज नाही तर मागणी नाही, आणि मागणी नाही तर पाळीपत्रकात, म्हणजे कुणाला कधी पाणी त्या यादीत, नाव नाही. शिवाय बिनअर्जाचं पाणी घेतलं तर दंडाच्या दराने आकारणी होते ती वेगळीच. टेलचे लोक म्हणतात, "पाणी येतच नाही तर अर्ज कशाला भरू?" शाखा कार्यालयात मग टेलची मागणी शून्य दिसते आणि वरच्यांना आयतं निमित्त मिळतं. जुनी थकबाकी असेल तर तिचा निकाल लावा, अर्ज भरा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठू नका.

दुसरं, पाणी मोजा. चारीच्या तोंडाशी फ्लूम (पाणी मोजायची अरुंद नाली) असतो, त्याच्या भिंतीवर आकड्यांची पट्टी असते. बऱ्याच ठिकाणी ती गाळात गेलेली किंवा रंग उडालेली आहे. ती साफ करून घ्या आणि पाळी चालू असताना सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत उतरवा, शक्य तर पाटकऱ्याच्या (चारीला पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) समोर. पट्टीच्या आकड्यावरून विसर्ग काढायचा तक्ता शाखा अभियंत्याकडे मिळतो.

आता हिशोब बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, तासाला साधारण 102 घनमीटर. एकराला साडेसात सेंटीमीटरची पाळी द्यायची तर 300 घनमीटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे एक क्युसेकची धार शेतात पोचली तर एकर तीन तासांत भिजतो. वरचा शेतकरी तेवढ्याच धारेवर एकराला आठ तास लावत असेल, तर पाच तासांचं पाणी ओढ्यात चाललंय. भांडण करायचंच असेल तर हा आकडा घेऊन करा. रात्री बॅटऱ्या घेऊन चारीवर बसल्याने गावात वैर तेवढं वाढतं.

तिसरं, पाणी वापर संस्था. 2005 च्या कायद्याने चारीवरच्या शेतकऱ्यांच्या संस्थेला ठरलेला कोटा मोजून मिळतो. आतलं वाटप, पीक कोणतं घ्यायचं, पाणीपट्टी किती लावायची, हे संस्था ठरवते. संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल, तिघांना सारख्या जागा आहेत, म्हणून टेलच्या माणसाला तिथे आवाज मिळतो. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात 1990 नंतर अशा संस्था उभ्या राहिल्या, पुढे अख्ख्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांनी हातात घेतलं. आपल्याकडे पुष्कळ संस्था नोंदणीपुरत्या आहेत, हेही खरं. तुमची तशी असेल तर सर्वसाधारण सभा मागा, दप्तर बघायला मागा.

प्रश्न (एका ताईंचा): 15 ऑक्टोबरला नेमकं काय ठरतं? वरच्या धरणांचं पाणी आपल्याला मिळतं की नाही?

ताई, 2014 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशाचा गाभा असा: खरिपात वापरलेलं पाणी धरून 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या 65 टक्के पाणी नसेल, तर मुळा, भंडारदरा, गंगापूर, दारणा अशा वरच्या धरणसमूहांतून खाली सोडायचं. उपयुक्त साठा 76.65 टीएमसी, म्हणजे ही रेघ 50 टीएमसीच्या जवळ येते. नगर-नाशिकचे शेतकरी याला विरोध करतात, आणि त्यांच्याही बागा-ऊस वाळतात, हे आपण विसरू नये. धरण भरलेल्या वर्षी हा प्रश्नच उरत नाही. तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे ती कालवा सल्लागार समितीची बैठक. पिण्याचं पाणी राखून उरलेल्यात किती आवर्तनं (कालव्याच्या पाळ्या) आणि कधी, हे तिथे ठरतं. बैठकीआधी आमदार आणि कार्यकारी अभियंता, दोघांनाही लेखी निवेदन द्या.

प्रश्न: दोन-तीनच पाळ्या मिळतील असं दिसतंय. गहू पेरू का?

आवर्तनाचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय गव्हाचं बी विकत घेऊ नका. गव्हाला एकच पाणी देता येणार असेल तर ते पेरणीनंतर 40 ते 42 दिवसांनी द्यावं. दोन असतील तर 20 ते 22 आणि 60 ते 65 दिवसांनी. तीन असतील तर या दोन्हींच्या मधे 40 ते 42 चंही धरा. कालवा तुमच्या गव्हाचे दिवस मोजून सुटत नाही, म्हणून ज्याच्याकडे विहीर नाही त्याने गव्हाच्या मागे लागू नये असं माझं मत आहे.

हरभरा घ्या. एक पाणी असेल तर 40 ते 45 दिवसांनी, दोन असतील तर 30 ते 35 आणि 65 ते 70 दिवसांनी. पाणी हलकं द्या. आपल्या काळ्या जमिनीत चारी रिकामी होईपर्यंत पाणी सोडून ठेवलं की हरभरा उभळतो (पिवळा पडून वाळतो), आणि दोष बियाण्याला जातो. सारा पद्धत किंवा तुषार संच असेल तर उत्तम. भारी जमिनीत ज्वारीही चालते, परभणी मोती पेरणारे बरेच आहेत. तिला एकच पाणी मिळणार असेल तर 50 ते 55 दिवसांचं, पीक पोटरीत असतानाचं, चुकवू नका.

उसाबद्दल तीन जणांनी विचारलंय. टेलला बसून कालव्याच्या भरवशावर ऊस लावू नका. त्याला उन्हाळाभर पाणी लागतं आणि उन्हाळी आवर्तनाची खात्री फेब्रुवारीपर्यंत कुणी देत नाही.

प्रश्न: त्यापेक्षा बोअर घेतलेला बरा नाही का?

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. आणि 60 मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खाली गेलात तर भूजल कायद्यात ती खोल विहीर ठरते, शेतीसाठी तिच्यावर बंधन आहे. गाडीवाला पाचशे फुटांची भाषा करील, त्याचा धंदा फुटावर चालतो. लाभक्षेत्रात जुनी विहीर असेल तर गाळ काढून घ्या. कालव्याचा पाझर तिथे फुकट येतो, आणि दोन पाळ्यांमधलं हरभऱ्याचं एक हलकं पाणी तेवढ्यात निघतं.